यंत्र वाचवायचे तर माणूस नेमा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवसापर्यंत नीट चालणारे कोट्यवधी संगणक दुसऱ्या दिवशीही तसेच चालत होते. मात्र वाढीव दुरुस्त्यांसाठी वेगळी नोंदणी केल्याशिवाय त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे आता बंद झाले होते. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज मांडला होता की, विंडोज ११ वर जाता न आल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. हे संगणक जुने आहेत म्हणून नव्हे, तर नव्या प्रणालीने घातलेली अट ते पूर्ण करत नाहीत म्हणून. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर बाजारात आलेला असावा लागतो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम असूनही, रेषेच्या पलीकडे राहतो.

घरच्या संगणकाचे काय करायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु शाळा, ग्रामपंचायत, सार्वजनिक ग्रंथालय, महाविद्यालयाची प्रयोगशाळा येथले संगणक जनतेच्या पैशातून घेतलेले असतात, आणि त्यांचे काय करायचे हा धोरणाचा प्रश्न आहे. त्यावर, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते: त्यावर लिनक्स टाका, ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही पळते. या उत्तराचा दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिला भाग, म्हणजे ‘फुकट’, हाच या चळवळीचा घात करतो, असे माझे मत आहे. असमर्थित, म्हणजे सपोर्ट संपलेल्या, यंत्रावर पर्यायी प्रणाली बसवणे ही सार्वजनिक संस्थांसाठी योग्य आणि व्यवहार्य वाट आहे. मात्र परवान्यावर आणि नव्या यंत्रावर वाचणारा पैसा ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करायची तयारी असेल तरच. ती तयारी नसेल, तर लिनक्स टाकून आपण नको असलेल्या यंत्रांना थोडी अधिक सन्माननीय अडगळ बनवू, एवढेच.

कंपनीची बाजू आधी पाहिली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले, म्हणजे त्याला दहा वर्षे दुरुस्त्या मिळाल्या. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनना तीन वर्षेही मिळत नाहीत. टीपीएमची अट हा निव्वळ नवी यंत्रे खपवण्याचा डाव आहे असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. कूटबद्ध डिस्कची किल्ली मुख्य प्रणालीच्या आवाक्याबाहेर ठेवण्यासाठी ती चिप उपयोगी पडते, आणि चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती तिच्यामुळे वाचू शकते. आक्षेप घ्यायचा तो वेगळ्या जागी आहे. नव्या यंत्रात ही चिप असावी असे म्हणणे एक, आणि ती नसलेल्या चालू यंत्राला यापुढे नियमित दुरुस्त्याच मिळणार नाहीत असे म्हणणे दुसरे. पहिल्यासाठी तांत्रिक कारण आहे; दुसरा निर्णय व्यापारी आहे.

मग जे चालते आहे ते तसेच चालू द्यावे, असे कुणी म्हणेल. बहुतेक कार्यालयांत प्रत्यक्षात हेच होते, आणि हा मार्ग सर्वांत वाईट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला तो मुख्यतः वेळेवर दुरुस्त्या न केलेल्या विंडोज संगणकांवर. बँकांची एटीएम यंत्रे विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपल्यावरही त्यावरच चालत राहिली, आणि ती टप्प्याटप्प्याने बदलून घ्या, असा स्पष्ट आदेश रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये काढावा लागला. जाळ्याला जोडलेले असमर्थित यंत्र केवळ मालकाला धोक्यात घालत नाही. त्याच वायफायवरच्या इतरांनाही घालते. विंडोज ११ ची तपासणी चुकवून ते जुन्या यंत्रावर बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि हौशी माणसाने त्या जरूर कराव्यात. पण अशा यंत्राला अद्ययावत आवृत्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून तर प्रोसेसरला काही विशिष्ट सूचना समजत नसतील तर प्रणाली सुरूच होत नाही. सार्वजनिक कार्यालयाने हमी नसलेल्या पळवाटेवर कारभार चालवू नये.

आता पर्यायी प्रणालीकडे येऊ. लिनक्स मिंट या सर्वसामान्य वापरासाठीच्या वितरणाला (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाला) किमान दोन जीबी रॅम लागते आणि चार जीबी असल्यास ते आरामात चालते. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दहा-बारा वर्षांच्या संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, की हाच संगणक इतका वेळ का रडत होता असे वाटू लागते. पुष्कळदा दोष याहूनही क्षुल्लक असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक उघडून पाहावा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, तो संपलेला असतो. सेल संपला की वीज गेल्यावर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहतो, आणि यंत्राच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते; त्यामुळे प्रत्येक पानावर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. तारीख दुरुस्त केली तर तेवढ्यापुरते चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किराणा दुकानातही मिळणाऱ्या त्या सेलसाठी यंत्राची रवानगी अडगळीत झालेली असते. असला दोष कोणत्याही प्रणालीने दूर होत नाही, झाकण उघडणारा माणूस लागतो.

मराठीचा मुद्दा अजूनही पुढे केला जातो, की लिनक्सवर देवनागरी नीट दिसत नाही. वीस वर्षांपूर्वी या तक्रारीत तथ्य होते. त्यानंतर लोहित हे टंक आले, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटू लागला. या कामाचा मोठा हिस्सा रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या लोकांनी केला, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. भारतीय लिपींसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आज जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये आयता असतो. खरी अडचण प्रणालीची नसून आपल्या जुन्या सवयींची आहे. कित्येक कार्यालयांतली आणि छापखान्यांतली कागदपत्रे आजही युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत नसून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकांत आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची सरमिसळ असते. टंक नसलेल्या यंत्रावर उघडली की ठरावाच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. त्यात भर म्हणजे टंकलेखनाचा हात जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो. कर्मचाऱ्याला यातून बाहेर काढणे हे प्रणाली बदलण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि ते विंडोजवर राहूनही कधीतरी करावेच लागणार आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर अडचणींची यादी इथे संपत नाही. देशभरातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे तग धरून असलेला कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर घ्या. त्याची संगणकाशी बोलण्याची पद्धत कंपनीची स्वतःची आहे. लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम, कंपनीने दिला होता, पण तो जुना आहे आणि आजच्या वितरणांवर बसवताना घाम फोडतो. ज्यांनी ती पद्धत उलगडून मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतला, त्यांचे आभार मानावेत. पण शिपायाला किंवा लिपिकाला त्यातून वाट काढा असे सांगता येत नाही. ग्रामपंचायतीत देयके अदा करताना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते. काही टोकनांचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळतात, काहींशी झगडावे लागते. हिशेबाचे टॅली विंडोजसाठीच आहे. छापखान्यात पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर बसलेला हात एका आठवड्यात स्क्रायबस किंवा इंकस्केप या मुक्त पर्यायांवर बसत नाही. ज्या टेबलावर यांपैकी काही अटळ आहे, तिथे नवे यंत्र आणि विंडोज ११ घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. सगळीकडे एकच प्रणाली हवी हा आग्रह दोन्ही बाजूंनी सोडला पाहिजे.

शाळेतले चित्र मात्र निराळे आहे. शिक्षक यूडायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरतात, शालार्थ या संकेतस्थळावर पगारपत्रके पाहतात, मुलांना चित्रफिती दाखवतात, प्रश्नपत्रिका टंकित करतात. यातले बहुतेक काम ब्राउझरमध्ये होते आणि ब्राउझरला खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. मुलांना शिकवायच्या गोष्टी, म्हणजे लेखन, गणनपत्रक, चित्र, स्क्रॅच आणि पायथनमधले प्रोग्रामिंग, सगळ्या लिनक्सवर उपलब्ध आहेत. म्हणजे जिथे पर्यायी प्रणाली सर्वांत सहज बसते तिथेच जुनी यंत्रे धूळ खात पडली आहेत. असे का व्हावे?

त्याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही, आपल्या योजनांच्या रचनेत सापडते. महाराष्ट्रात शाळांमधल्या आयसीटी (संगणक) प्रयोगशाळा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर उभ्या राहिल्या. कंत्राटदाराने यंत्रे आणायची, मानधनावर संगणक शिक्षक नेमायचा, पाच वर्षे चालवायचे आणि मग सगळे शाळेच्या ताब्यात द्यायचे. पाच वर्षांनी हस्तांतर झाले ते यंत्रांचे. शिक्षकांचा करार संपला. नोकरीसाठी त्यांना आंदोलने करावी लागली. यंत्रे डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली, आणि तिथे एकदा नोंद झाली की मुख्याध्यापकाची पंचाईत दोन्हीकडून होते. दुरुस्तीला खर्चाचे शीर्ष नाही, आणि निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी, केल्याशिवाय यंत्र हलवता येत नाही. मधल्या काळात काही गहाळ झाले तर जाब त्यालाच. अशा परिस्थितीत खोलीला कुलूप लावणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय असतो. त्याला दोष देणाऱ्याने ते रजिस्टर एकदा स्वतःच्या सहीने सांभाळून पाहावे.

केरळने हेच काम उलट्या टोकाकडून केले. तिथला आयटी@स्कूल प्रकल्प २००१ चा, २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. शाळांतले संगणक उबुंटू या लिनक्स वितरणावर आधारलेल्या, शाळांसाठी मुद्दाम घडवलेल्या प्रणालीवर चालतात; पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शाळेतल्याच नियमित शिक्षकाला प्रशिक्षण देऊन शाळेचा आयटी समन्वयक केले गेले. तो कंत्राटाबरोबर निघून जाणारा नव्हता. पुढे २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांचे गट उभे राहिले. संगणक उघडणे, जोडणे, प्रणाली चढवणे याची भीती ज्या शाळेत मुलांनाच उरत नाही, तिथे मुख्याध्यापकाला कुलपाची गरज भासत नाही. काइटने २०१९ मध्ये असा दावा केला होता की दोन लाख संगणकांवर लिनक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरून तीन हजार कोटी रुपये वाचले. हा आकडा मला पटत नाही. प्रत्येक यंत्रामागे दीड लाखाचे परवाने घेतलेच असते असे गृहीत धरल्याशिवाय तो येत नाही, आणि कोणतीही शाळा तेवढे परवाने घेत नसते. पण नेमका हाच आकडा मथळ्यात गेला आणि शिक्षक प्रशिक्षणाची वर्षानुवर्षांची चिकाटी बातमीच्या तळाशी राहिली. इतर राज्यांतल्या मंत्र्यांनी वाचला तो मथळा. त्यातून त्यांनी धडा घेतला तो पैसे वाचवण्याचा. शिक्षकांवर केलेला खर्च त्यांच्या नजरेतून सुटला.

दुसरे उदाहरण म्युनिक शहराचे, जे या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. म्युनिकच्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर आणले आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतण्याचा ठराव केला. ‘बघा, लिनक्स चालत नाही’ असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू आठवण करून देते की मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतले मुख्यालय २०१६ मध्ये त्याच शहरात हलवले होते. दोन्हींच्या गदारोळात एक गोष्ट हरवते. नगरपालिकेने बाहेरच्या सल्लागारांकडून जे परीक्षण करून घेतले, त्यात मुख्य अडचण प्रणालीची नसून माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या विस्कळीत रचनेची असल्याचे म्हटले होते. कुणाची जबाबदारी कुठे संपते हेच स्पष्ट नसेल तर कोणतीही प्रणाली रडतखडतच चालते. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे मान्य केले, आणि २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने तीस हजार संगणक लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आणि लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. ते यशस्वी होतील की नाही हे त्यांच्या मदत-कक्षात किती माणसे आहेत यावर ठरेल.

लिनक्सवाल्यांनी आणखी एक सत्य मान्य करायला हवे. ‘लिनक्सवर कोणतेही यंत्र कधीच जुने होत नाही’ हे खरे नाही. लिनक्सच्या गाभ्याने इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरला २०१२ मध्येच निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या तेराव्या आवृत्तीत जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर नाही. फरक असा की इथे सपोर्ट थांबवण्याचा निर्णय खुल्या चर्चेत होतो, कारणे वाचायला मिळतात आणि कुणाला हवे असल्यास ते काम पुढे चालवता येते. हा फरक लहान नाही. पण काम पुढे चालवणारा तो ‘कुणी’ स्वयंसेवक असतो आणि त्याने आपल्या तालुक्यातल्या शाळेची हमी घेतलेली नसते. हौशी माणसाच्या खांद्यावर सरकारी जबाबदारी टाकून मोकळे होणे हा अन्याय आहे, त्याच्यावरही आणि शाळेवरही.

म्हणून मागणी केवळ ‘लिनक्स वापरा’ अशी असू नये. केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली २००७ पासून आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये माया ही उबुंटूवर आधारलेली प्रणाली आणली. धोरणांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तालुक्याच्या ठिकाणी बसून पन्नास-साठ शाळांचे संगणक नावानिशी ओळखणाऱ्या माणसाचा. गटसाधन केंद्राच्या पातळीवर असा एक कायमस्वरूपी तंत्रज्ञ, एसएसडी, सेल आणि रॅमसाठी थोडा खर्चाचा अधिकार आणि प्रत्येक शाळेत एक प्रशिक्षित शिक्षक, एवढे असेल तर पर्यायी प्रणाली टिकते. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे काम येते. त्यासाठी वर्षाला पगार द्यावा लागेल, आणि वाचणारा पैसा इथेच जायला हवा. जो अर्थविभाग नव्या संगणकांची एकरकमी खरेदी सहज मंजूर करतो आणि देखभालीचे एक पद मंजूर करताना हात आखडता घेतो, त्याला हे पटवणे हेच या प्रश्नातले सर्वांत अवघड काम आहे. खरेदीचा फोटो निघतो. देखभालीचा निघत नाही.

निर्लेखनाचा नियमही बदलायला हवा. प्रणालीचा सपोर्ट संपला एवढ्याच कारणावरून कोणतेही सरकारी यंत्र मोडीत काढू नये. आधी त्यावर पर्यायी प्रणाली चालवून पाहावी आणि ‘चालत नाही’ असा शेरा नावानिशी लिहावा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत यंत्र नूतनीकरण करून त्याचे आयुष्य वाढवण्याला आधीच जागा ठेवलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला नोंद असलेल्या मार्गाने गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला तो जेमतेम २२ टक्के. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात जाऊन तांबे आणि सोने काढण्यापेक्षा तोच मदरबोर्ड आणखी पाच वर्षे चालवणे कधीही बरे. पुढच्या खरेदीच्या निविदांमध्येच एक अट घालावी: प्रिंटर, टोकन आणि अंगठ्याचे यंत्र यांचे ड्रायव्हर लिनक्ससाठीही मिळालेच पाहिजेत, आणि संगणकाच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेला, कुलूप असेल तर हस्तांतराच्या वेळी पासवर्ड शाळेला लेखी द्यावा. ही शेवटची अट कुणाला हास्यास्पद वाटेल. पण ज्या यंत्राचा बायोस पासवर्ड कंत्राटदाराबरोबर गेला, त्यावर पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करणेच अशक्य होऊन बसते.

हे सगळे उद्यापासून होणार नाही, आणि तोवर यंत्रे उघडी टाकणेही योग्य नाही. मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्थांसाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांचा दर पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार असा ठेवला आहे. व्यावसायिक संस्थांना पहिल्याच वर्षी ६१ डॉलर पडतात आणि दर वर्षी दर दुप्पट होतो. शाळांसाठी तीन वर्षांचा खर्च यंत्रामागे सात डॉलर होतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्याने मायक्रोसॉफ्टला पैसे द्या असे सांगावे हे काहींना खटकेल, पण जिथे आजच माणूस नाही तिथे आजच लिनक्स टाकण्यापेक्षा हे सात डॉलर अधिक शहाणपणाचे आहेत. त्यातून ऑक्टोबर २०२८ पर्यंतची मुदत मिळते. तेवढ्या काळात पदे मंजूर करणे, शिक्षकांना दोन उन्हाळी सुट्ट्यांत प्रशिक्षण देणे आणि प्रत्येक तालुक्यातल्या दहा शाळांपासून सुरुवात करून प्रयोगशाळा बदलत जाणे शक्य आहे. आणि पदे मंजूर होणारच नसतील तर तेही २०२८ च्या आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे शाळा निदान नव्या यंत्रांची मागणी वेळेत नोंदवू शकतील.